धूर काढणारी करवत

उर्होने इंजिनवर चालणारी जुनी साखळी-करवत घरी आणली, त्याच दिवशी त्याची बायको काइसू हिने मुदत दिली. "शनिवारपर्यंत हे बर्चचे ओंडके कापून झाले तर ठीक. नाहीतर सौनात विजेची भट्टी बसवते. दुकान बघून ठेवलंय."

विजेची भट्टी! उर्होला ते ऐकवेना. सौनासारख्या वाफेच्या न्हाणीत लाकडाची धग नसेल, तर माणसाने आठवडाभर राबायचं तरी कशासाठी?

शेडमध्ये त्याने करवतीचं अंगन् अंग सुटं केलं. हवेची जाळी धुतली, प्लग बदलला, साखळी रॉकेलमध्ये बुडवून दात न् दात घासला. सगळं पुन्हा जोडून दोरी ओढली, तर इंजिन पहिल्याच झटक्याला गरजलं. उर्होची छाती फुगली. पण ओंडक्यावर टेकवल्यावर साखळी नुसती गरगरली, धूर निघाला, लाकूड काळं पडलं. कापलं मात्र गेलं नाही.

उर्हो चक्रावला. त्याने दात पाजळले, तर धूर वाढला. कार्ब्युरेटर उघडून पुन्हा बसवला, तर धूर तेवढाच आणि वर एक स्क्रू उरला. तो कुठला, हे त्याला कधीच कळलं नाही.

कुंपणापलीकडून शेजारचा तैस्तो कॉफीचा कप घेऊन तीन दिवस हे बघत होता. चाळीस वर्षं लाकूडतोडीत काढलेला माणूस. पण न विचारता सल्ला देणं हा त्या गावात आगाऊपणा, आणि विचारणं म्हणजे नाक कापून घेणं. दोघे एकमेकांना पाहून मान तेवढी हलवत.

शनिवारी दुपारी काजळीने माखलेल्या उर्होची तैस्तोला दया आली. "आमचा सौना तापलाय. येतोस?"

दोघे वरच्या फळीवर उघडे बसले. दगडांवर पाणी पडलं, वाफ उसळली. उर्हो विरघळला. "अहाहा! लाकडाच्या धगीची सर विजेला यायची नाही!"

तैस्तोने दगडांवर आणखी पाणी ओतलं. मग म्हणाला, "साखळी उलटी बसवलीयस."

"काय?"

"दातांची तोंडं मागे आहेत."

"तीन दिवस बघतोयस! सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कुठे?"

उर्होला राग आला आणि हायसंही वाटलं. "थांब, एक लाकूड सारतो," म्हणत तो भट्टीपाशी वाकला. लाकूड सारायला दारच नव्हतं. एक बटण होतं आणि लाल दिवा.

"तैस्तो, ही..."

"विजेची. दोन वर्षं झाली."

"अरे, मग मघाशी बोलायचं नाही का?"

"मघाशी तू विचारत नव्हतास. सांगत होतास."

उर्हो घरी आला, पाच मिनिटांत साखळी पालटली आणि संध्याकाळच्या आत ढीग कापून मोकळा झाला. काइसूने लाकडं पाहिली. "जिंकलास बाबा. नाही आणत भट्टी. तैस्तोकडची कशी आहे, ते तरी सांग."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं! उर्होने मान वर केली नाही. "धग अगदीच कमी," तो म्हणाला.

"दिसतंय की," काइसू म्हणाली. "थंडीने कानापर्यंत लालबुंद झालायस."