बिंदूअण्णांची चौकशी

आमचे शेजारी बिंदूअण्णा बाहेर पडताना घराला कुलूप लावतात, तीन वेळा ओढून बघतात आणि मग आमची बेल वाजवतात.

"मास्तर, तुम्ही एकदा ओढून बघा."

मी चपला घालून जातो, ओढतो. कुलूप पक्कं असतं. अण्णा समाधानानं फाटकापर्यंत जातात आणि तिथून वळून विचारतात, "एवढ्या जोरात का ओढलंत?"

धारवाडच्या मळमड्डीत आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. बिंदूअण्णा नोंदणी कचेरीत होते. आयुष्यभर खरेदीखतांवरच्या सह्या आणि साक्षीदारांची तोंडं तपासली. आता निवृत्त होऊनही जगातला कुठलाही माणूस तो सांगतो तो नाहीच, अशा समजुतीनं त्यांचा दिवस सुरू होतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर म्हणतात, "तारीख कुणी दिली तुम्हाला?" बेळगावात पाऊस आहे अशी बातमी आली की तिथल्या चुलत भावाला फोन करतात. तो "हो, पडतोय" म्हणाला की सांगतात, "आवाज ऐकव." लग्न केलं नाही. स्थळं पुष्कळ आली होती, पण अण्णांची चौकशी पुरी होईपर्यंत मुलींची लग्नं होऊन जात.

एरवी ते आमच्याशी मराठी बोलतात. संशय आला की मात्र कानडीत शिरतात. डोळे बारीक करून म्हणतात, "इदराग एनो अद." यात काहीतरी आहे.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, सुनंदाला, फुप्फुसाचं दुखणं झालं. तीन आठवडे दवाखान्यात काढले. घरी आल्यावरही न्हाणीघरापर्यंत जाताना तिला मध्ये भिंत धरावी लागायची. हळूहळू सुधारली. केलगेरीच्या तळ्याला आधी अर्धा फेरा, मग एक, मग दोन. एका सकाळी तळ्यावरून परतल्यावर म्हणाली, "मला कुद्रेमुखला जायचंय. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात डोंगर चढायचाय. माथ्यापर्यंत नाही जमलं तरी चालेल. पण गाडीतून बघायचा नाही, चालायचं."

डॉक्टर म्हणाले, सावकाश चालणार असाल तर जा. माझ्या शाळेला दसऱ्याची सुटी होती. मुक्कामाला डोंगराच्या पायथ्याशी शेषप्पा नावाच्या गृहस्थांचं घर मिळालं. आम्ही हे सगळं आनंदानं बिंदूअण्णांना सांगितलं, तुम्हीही चला म्हणालो, ते हो म्हणाले, आणि तिथंच चुकलं.

त्या दिवसापासून अण्णा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर. फोनवरचा फोटो त्यांनी लांब धरून, जवळ धरून, शेवटी उलटा करून बघितला.

"एवढा हिरवा डोंगर असतोय काय, मास्तर? रंग दिलाय."

"अण्णा, पावसानंतर गवत येतं."

"आणि गाइड घेतल्याशिवाय सोडत नाहीत म्हणे. का? वाट सरळ असली तर माणूस कशाला? इदराग एनो अद."

शेवटी त्यांनी स्वतःच शेषप्पांना फोन लावला. पलीकडून शेषप्पा सौम्य कानडीत उत्तरं देत होते आणि अण्णा साक्षीदार तपासावा तसे विचारत होते.

"तुमच्या अंगणातनं डोंगर दिसतो?"

"दिसतो री."

"आत्ता दिसतोय?"

"आत्ता धुकं आहे."

अण्णांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "दिसत नाही म्हणतोय." मग परत फोनवर, "जळवा आहेत?"

"आता कमी झाल्यात. तरी मीठ घेऊन या."

अण्णांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "कमी झाल्यात, तर मीठ कशाला?"

सुनंदा पदरात तोंड खुपसून हसली. आजारपणानंतर ती इतकी हसलेली मी बघितली नव्हती, त्यामुळे अण्णांची उलटतपासणी चालते तर चालू दे, असं मलाही वाटायला लागलं होतं.

पण जायचा दिवस जवळ आला तसे अण्णांचे प्रश्न डोंगरावरून सुनंदावर आले. डॉक्टरांनी लिहून दिलंय का? खाली सही आहे का? मध्येच दम लागला तर? तिथं फोन लागत नाही, मग कळवणार कुणाला? एका संध्याकाळी ते म्हणाले, "वहिनी, बरं वाटतंय असं तुम्ही म्हणता. पण कशावरून?"

सुनंदानं निवडत असलेली भाजी बाजूला सारली. "अण्णा, तुम्हाला मी जिवंत असल्याचाच संशय आहे. सहीशिक्क्याचा कागद आणून दाखवू काय?"

अण्णा उठले. चष्मा काढला, परत घातला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप. मला ओढून बघायला बोलावलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही कुलूप. दूधवाला म्हणाला, चार दिवस दूध नको म्हणून सांगून गेलेत. कोपऱ्यावरचा चपलांचा दुकानदार म्हणाला, अण्णांनी कॅनव्हासचे बूट नेले, तेही मुकाट्यानं, एकही प्रश्न न विचारता. आता मात्र माझे डोळे बारीक झाले. अडुसष्टाव्या वर्षी बिंदूअण्णांना बूट कशाला? मी भिंतीवरून त्यांच्या परसात डोकावून आलो. सुनंदा म्हणाली, "तुम्हीही त्यांच्यासारखेच झालात." पण थोड्या वेळानं ती स्वतःच डोकावून आली.

पाचव्या दिवशी अण्णा रिक्षातून उतरले. लंगडत होते.

"कुठं होतात हो?"

"बेळगाव. चुलत भावाकडं."

"आणि पाय?"

"त्याचा जिना." एवढं बोलून आत गेले. आमच्याबरोबर यायचं त्यांनी आधी कबूल केलं होतं, तेही आता रद्द. "गुडघा दुखतोय. तुम्ही जावा." सुनंदाला वाटलं, राग धरला. ती जाऊन माफी मागून आली. अण्णा म्हणाले, "छे छे, वहिनी. मीठ घेतलंत का?"

आम्ही दोघंच निघालो. बसनं कळस गावापर्यंत, पुढं जीपनं. शेषप्पांच्या अंगणात उतरलो, तर त्यांची बायको हात पुसत धावतच बाहेर आली. तिनं सुनंदाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि कानडीत विचारलं, "तुम्हीच ना बिंदूअण्णांची तंगी?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण.

सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. शेषप्पांची बायको बोलतच होती. अण्णा येऊन तीन दिवस राहून गेले. रोज डोंगरावर. पहिल्या दिवशी ओढ्यात पाय घसरला, तरी दुसऱ्या दिवशी काठी घेऊन परत गेले. "माझी धाकटी बहीण येणार आहे, मोठ्या दुखण्यातून उठलीय, वाट बघायला आलोय," म्हणाले. "आणि किती काळजी हो त्यांना तुमची! तुम्हाला तिखट सोसत नाही, तेही सांगून गेलेत."

सकाळी आम्ही गाइडबरोबर चढायला लागलो. चंद्रू नावाचा चाळिशीचा माणूस, पण तोंडाला खळ नाही. धारवाडात पेढा कुठला चांगला, तळ्याला पाणी किती, मुलं काय करतात, सुनंदाला एकसारखं विचारत होता. ओढा ओलांडला की म्हणायचा, "या दगडावर बसा, अक्का." चढ संपला की, "या झाडाखाली बसा." रान मागं पडलं, गवताचा मोकळा उतार लागला, समोर सगळा डोंगर वाऱ्यानं हलत होता. सुनंदा उत्साहानं काहीतरी सांगत होती. एका जागी तिचं वाक्य मध्येच तुटलं. श्वास घेऊन तिनं ते पुरं केलं.

चंद्रू थांबला. "आता इथंच, अक्का. इथून मागं."

"अजून जाईन की मी. दमले नाही."

"अण्णांनी सांगितलंय," चंद्रू ओशाळून म्हणाला. "दमले असं ती कधी म्हणणार नाही. तिला बोलतं ठेव. बोलताना वाक्य तोडायला लागली की वळव."

सुनंदा गवतात बसली. शिखर वर अजून तासभर तरी होतं. तिकडं तिनं फारसं बघितलं नाही. चौदा वर्षं आमच्या शेजारी राहणाऱ्या त्या माणसानं तिचा श्वास कधी ऐकून ठेवला होता, हे मला, तिच्या नवऱ्याला, ठाऊक नव्हतं.

धारवाडला पोचलो त्या दुपारी ती बॅग न उघडता शेजारी गेली. मी मागोमाग. अण्णा दारात आले. आम्हाला काय कळलंय, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

सुनंदा त्यांच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "अण्णा, धाकटी बहीण घरी आल्यावर चहा तरी विचारतात."

अण्णा आत गेले. भांड्यांचा आवाज झाला. शेवटी ताटलीत तीन कप घेऊन आले. तिन्ही वेगवेगळे, आणि प्रत्येकात जेमतेम तीन घोट चहा. एका माणसापुरता करायची सवय. तोच तिघांत वाटला होता.

"माप चुकलं," अण्णा म्हणाले.

सुनंदानं ते तीन घोट पाऊण तास पुरवले.