नवलभाऊंची वाढीव खोली

"परवानगी? अहो, नगरपालिकेचे नियम मला तोंडपाठ आहेत! साहेबांचा चहा संपायच्या आत मंजुरी घेतो की नाही बघा!" पाचोऱ्याच्या नवलभाऊंनी मिशीला पीळ दिला.

घाई तशीच होती. मुलाचं, किरणचं, लग्न तीन महिन्यांवर आलेलं. साक्रीच्या व्याह्यांनी, तोतारामआबांनी, सुपारी फुटतानाच बजावलं होतं, "पोरीले सवतंत्र खोली पाहिजे. नसली तर लगीन नही!"

म्हणून गच्चीवर खोली. पण मेख अशी, की परसात स्वयंपाकघर आणि कोठी भाऊंनी चार वर्षांपूर्वी कुणाला न विचारताच ठोकली होती, आणि नव्या परवानगीला आधीची वाढही धरतात. फार जुन्या बांधकामाला मात्र कुणी हात लावत नाही, असं भाऊंनी पानटपरीवर ऐकलेलं.

पाहणीला नगरपालिकेचे गिरधर साहेब आले. "या मागच्या दोन खोल्या कधीच्या?"

"आजोबांच्या काळातल्या! माझा जन्मच इथला, साहेब!"

तेवढ्यात भाऊंच्या पत्नी सुनंदाबाईंनी साहेबांना पाणी दिलं. साहेबांनी ग्लास तोंडाला लावला, थांबले, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "'मागच्या दोन खोल्यांच्या वास्तुशांतीनिमित्त नवल कौतिक पाटील यांजकडून सप्रेम भेट. १२ मे २०२२.'"

भाऊ घाईनं ओरडले, "अगं, ग्लास बदल!"

दुसरा आला. त्यावरही तेच! हौसेनं दोनशे एक ग्लास नाव घालून आणलेले, त्यातले तीस घरातच उरले होते.

भिंतीपलीकडून शेजारच्या भिकुबाई ओरडल्या, "साहेब, मनाकडे बी तसलेच दोन ग्लास! वरण-बट्टी काय झ्याक व्हती त्या दिवशी!"

साहेब हसले नाहीत, हेच उपकार. "आधी या खोल्या नियमात बसवा, भाऊ. गच्चीचं मग बघू." जाताना त्यांनी अख्खं घर टेपनं मोजून नेलं.

फाईल हलेना. कुणकुण लागताच आबा तडक पाचोऱ्याला! आता लग्न मोडतंय, या धास्तीनं भाऊंनी झटकन स्वतःचीच खोली उघडली. "ही पोरीची! कूलरसकट!"

आबा खूश. "मंग तुम्हनं काय, भाऊ?"

"आम्ही बाहेर, दारापुढच्या ओट्यावर. हवा काय सुटते तिथं!"

"आम्ही नाही, तुम्ही!" आतून सुनंदाबाई म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरात."

लग्न पक्कं राहिलं. भाऊंनी ओट्यावर खाट टाकून दुपारची एक झोपही काढून पाहिली. झकास लागली!

चौथ्या दिवशी नगरपालिकेचं पत्र आलं. आपला ओटा तीन फूट रस्त्यावर आला आहे, तो आठ दिवसांत काढून घ्यावा.