शंकररावांचं भाजीचं पाणी

शंकरराव कुणाकडे जेवायला गेले, की पाटावर बसण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत, "वहिनी, भाजीचं पानी फेकलं ना?"

ते मलकापूर स्टेशनात पार्सलबाबू. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. गुर्दे बिघडले तेव्हा ते नागपूरला गेले. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे मोठा डॉक्टर म्हणजे नागपूरचाच. त्यानं बजावलं, भाज्या-फळांतला पोटॅश तुमच्या अंगातून बाहेर पडत नाही. साचला तर हृदय बंद पडेल. भाजी भरपूर पाण्यात उकडा, पाणी टाका, मग खा. फळं बंद. तेव्हापासून खानदेशातून केळीच्या टोपल्या आल्या की शंकरराव दोन हात लांब सरकत. "हे माहं मरन हाय," असं हमालांना सांगत. भाजीचं पाणी शेजारच्या शेळीला जाई. शेळी गुटगुटीत झाली, शंकरराव वाळले, असं आम्ही हसून म्हणायचो. मी सगळ्यांत मोठ्यानं.

एका रविवारी दुपारी मी त्यांना जेवायला बोलावलं. पाहुण्याला चोथा वाढायचा म्हणजे मला नामुष्कीच वाटे. बायकोनं पालक-बटाटे उकडून पाणी बाजूला काढलं होतं. ती पाट मांडायला गेली आणि मी ते सगळं पाणी वरणात ओतून उकळवलं. त्यांची खोड मोडायची, एवढंच डोक्यात होतं.

त्यांनी नेहमीचं विचारलं. बायको खरंच बोलली, "काढलं, भाऊजी." ते तीनदा वरण मागून जेवले. मी मिशीत हसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय उचलेनात. नाडी मध्येच थांबायची. गावातले डॉक्टर आले आणि काय खाल्लं म्हणून विचारू लागले. बायको रडकुंडीला आली. मी खाटेपाशी उभा होतो, पण तोंड उघडलं नाही.

"वहिनीले इचारू नका, डॉक्टरसाहेब," शंकरराव म्हणाले. "टेशनावर केळं खाल्लं म्या. मोह झाला."

चार दिवसांनी ते उठून बसले. खोलीत दोघंच होतो. म्हणाले, "केळं नाही खाल्लं मी. त्या वरनात पालकाचं पानी होतं. पयल्याच घासाले समजलं. वहिनीच्या ध्यानातून गेलं असन."

"मंग जेवले काऊन?"

"उठलो असतो त तिचं तोंड उतरलं असतं. अन् मंग मले जेवाले कोन बलावते?" मग म्हणाले, "तिले सांगू नको. ती जिवाले लावून घेईन."

खरं सांगायची तीच वेळ होती. मला स्वतःची शिसारी आली, अजूनही येते.

मी "बरं" म्हणालो.