वाळवलेली बाराखडी

त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा आमच्या शाळेच्या शिक्षकांनी वर्गात ओले शब्द बोलायला नकार दिला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. साथीचा आजार तोंडातून पसरतो. तोंडातून निघालेला शब्द ओला असतो. दिवसभर वर्गात इतके ओले शब्द सांडत असतील, तर पोरांना काय आणि मास्तरांना काय, धोका सारखाच. शब्द वाळवून मिळत नाहीत तोवर शिकवणं बंद. सगळे शिक्षक वेळेवर यायचे, सही करायचे आणि अंगणातल्या लिंबाखाली लांब लांब खुर्च्या टाकून गप्प बसायचे. पोरं समोर बसायची. तीही गप्प. फळ्यावर अक्षरं लिहिलेली असत, पण ती काय म्हणतात हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून पहिलीच्या पोरांना ती रांगोळीसारखी दिसायची.

मी तिथला शिपाई. निवृत्त झालो होतो, पण माझ्या जागी दुसरा माणूस आला नाही, म्हणून किल्ली माझ्याकडेच राहिली. मला शिक्षकांच्या म्हणण्यात काही चूक वाटली नाही. गार हवेत माणूस बोलला की तोंडातून वाफ निघते, ती मी पाहिलेली आहे.

अशात धुळा धनगर फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याची मेंढरं कोकणातून नुकतीच परतली होती, आणि त्याची मुलगी बानू पहिलीत बसली होती.

“आण्णा, मास्तर गप का बसल्यात?”

“शब्द ओले आहेत म्हणतात.”

त्यानं विचार केला. “आन् आमची पोरगी?”

“तीही बसलीय.”

“बसायचंच तर मेंढरांमागं बसंल की. हितं छपराखाली कशापायी?” त्यानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. “हे बघा आण्णा. दसऱ्याला आमचा वाडा हलतो. माणसं, मेंढरं, घोडी, समदं कोकणात. हिची आई म्हणती, पोरगी नजरंआड नको. मी म्हणतो, शिकत आसंल तर ऱ्हाऊ दे चुलतीपाशी. तवा आमचं ठरलंय. दसऱ्याला हिनं माझं नाव वाचून दावलं तर ऱ्हाईल. न्हाय तर चालली आमच्यासंगं.”

बानू त्याच्या मागून पुढं आली. “मला ऱ्हायचंय,” ती म्हणाली.

“तुला इचारलं का?”

“न्हाय. सांगितलं.”

धुळा माझ्याकडे बघून हसला, पण ठरलं ते ठरलं होतं.

पुढच्या आठवड्यात विस्तार अधिकारी आले. मुख्याध्यापक फडतरे सरांच्या खोलीत, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, बैठक झाली. मी पाणी घेऊन गेलो होतो.

“सगळेच शब्द वाळवायचे?” साहेबांनी विचारलं. “आणि, पण, की, असले बारके शब्द तसेच चालवून घेता येणार नाहीत का?”

“बारकेच जास्त वेळा तोंडातून जातात, साहेब,” फडतरे सर म्हणाले.

साहेबांना ते पटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाबा, उन्हाची सोय आहे का इथं?”

“ऊन भरपूर आहे,” मी म्हणालो. आमचा भाग दुष्काळी. दुसरं काही मागितलं असतं तर अडचण होती.

तेव्हापासून शिक्षक सकाळी एकेक करून त्या खोलीत जायचे आणि त्या दिवसाचा धडा परातीत बोलायचे. मी परात झाकून गच्चीवर न्यायचो. तिथं माझ्या बायकोची जुनी लुगडी अंथरलेली असत. ती हयात असती तर तिनं मला कुरडया कशा घालायच्या ते नीट दाखवलं असतं. मी अंदाजानं घालायचो. दोन उन्हं दाखवली की शब्द वाळायचा. पांढरा, पातळ, अक्षराच्याच आकाराचा. वारा आला की गच्चीवर बारीक किणकिण व्हायची. संध्याकाळी मी ते डब्यात भरायचो, आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या हातावर द्यायचो. पोरं मूठ मिटायची. मुठीत ऊब लागली की शब्द आपोआप बोलायचा. मग पोरं मूठ कानाला लावून ऐकत बसायची. वर्गाच्या दारातून पाहिलं तर सगळी पोरं डोकी कलती करून झोपेत असल्यासारखी दिसत, पण ती शिकत असत.

हळूहळू मला शब्द कळायला लागले. गणिताचे लवकर वाळायचे. इतिहासाला जागा फार लागायची. रागाचे शब्द तर परातीतच कडक व्हायचे. सातवीची परीक्षा म्हणून आधी सातवीचे धडे, मग सहावीचे, असं करत पहिलीची पाळी शेवटी आली.

आणि पहिलीच्या मुलाणी बाईंचे शब्द वाळेचनात. चार उन्हं दाखवली तरी आतून ओलेच. बोट लावलं की चिकटायचे. डब्यात भरले तर त्यांना बुरशी आली.

“बाई, जरा कोरडं बोला,” फडतरे सर म्हणाले.

“प्रयत्न करते सर. पण बोलताना मुलं डोळ्यांपुढं येतात.”

“मग डोळे मिटा.”

“मिटल्यावरच येतात.”

सरांनी मान हलवली. यावर त्यांच्याकडे आदेश नव्हता.

बानू रोज मला विचारायची, “आण्णा, आमचं वाळलं का?” मी म्हणायचो, “वाळतंय.” मग ती पायरीवर बसून गच्चीकडे बघत राहायची. भादवा गेला. नवरात्र बसलं. घटातलं धान उगवून वर आलं तरी पहिलीच्या पोरांना एक अक्षर ऐकायला मिळालं नव्हतं.

शेवटी बाईंनी एक उपाय काढला. त्या परात घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि लहानपणी ज्या मास्तरांनी त्यांना मारलं होतं त्यांची आठवण काढत सगळी बाराखडी एका दमात बोलल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल झाले होते, पण परात हलकी लागली. हे वाळणार, हे मला हातालाच कळलं.

गच्चीवर सातवीचा इतिहास पसरला होता. म्हणून मी अंगणात घोंगड्या अंथरून बाराखडी घातली. क पासून ज्ञ पर्यंत, ओळीनं, काना-मात्रा-वेलांटीसकट. अंगण भरून गेलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती खणखणीत वाळली. मी डबे आणायला आत गेलो.

शाळेचं फाटक उघडं होतं. हवा खेळती राहावी म्हणून एकही दार लावायचं नाही, असा आदेशच होता. आणि शेजारच्या रानात धुळाची मेंढरं बसवली होती, शेताला खत म्हणून.

मी डबे घेऊन बाहेर आलो तेव्हा अंगणात मेंढरंच मेंढरं होती. ती गडबड करत नव्हती. खाली मान घालून, एकमेकींना जागा देत, बाराखडी खात होती. मी ओरडलो असतो, पण इतकं शांत चाललं होतं की ओरडवेना. एका मेंढीनं माझ्याकडे बघत बघतच ज्ञ संपवला.

मग त्यांच्या पोटाची ऊब अक्षरांना लागली. आधी एक मेंढी “खी” म्हणाली. दुसरी “पो” म्हणाली. थोड्या वेळानं सगळं अंगण बोलायला लागलं. आणि जिच्या पोटात जे अक्षर होतं, ते तिच्या कुशीवर लोकरीत उमटून आलं, वळ उठावा तसं. कळप मोठा होता. काहींच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं, त्या पहिल्यासारख्या बें बें करत होत्या.

फडतरे सरांनी धुळाला बोलावून घेतलं. लिंबाखाली, अंतर ठेवून, बोलणं झालं.

“मेंढरं आजारी पडत्याल काय?” धुळानं विचारलं.

“नाही. नीट वाळलेली होती,” मुलाणी बाई म्हणाल्या.

“मग माझी काय तक्रार न्हाय.”

“तक्रार आमची आहे,” सर म्हणाले. “बाराखडी शाळेची आहे.”

“मेंढरं माझी हाईत.”

“बाहेरचं तुमचं. आतलं शाळेचं.”

“आतलं काढायचं तर मेंढरू कापावं लागंल. कापू?”

सर माळकरी. त्यांनी नुसता हात हलवला.

“दुसरी घालू का?” मी विचारलं.

“उद्याच दसरा आहे, आण्णा,” बाई म्हणाल्या. “आणि मला पुन्हा तसं बोलता येणार नाही.” त्या खुर्चीवर बसल्या. धुळा बानूकडे न बघता म्हणाला, “मग काय, पोरी. बोचकं बांध.”

बानू बाजूला उभी होती. ती रडली नाही. तिनं विचारलं, “बाई, मेंढरं वाचू का?”

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी नियम आठवून पाहिला.

“मेंढीचं बोलणं ओलं धरायचं की वाळलेलं?”

“आत वाळलेलंच आहे, सर.”

“आणि कळप उघड्यावर आहे.” सरांनी मान डोलावली. “हरकत दिसत नाही.”

दसऱ्याला सकाळी सगळा कळप माळावर होता. घोड्या लादून तयार होत्या. बानूची आई एका घोडीचा दोर धरून उभी होती. मुलाणी बाईंनी पाटीवर धुळाचं नाव लिहून दिलं, बोलल्या काहीच नाहीत. बानू पाटी छातीशी धरून कळपात शिरली.

खाली धुकं होतं. मेंढ्यांची डोकी तेवढी वर दिसत आणि त्यांच्यात बानूचं डोकं फिरताना दिसे. ती प्रत्येक मेंढीची कूस बघायची, पाटी बघायची, पुढं जायची. चारी बाजूंनी अक्षरं बोलत होती. पहिलं अक्षर जिच्यावर सापडलं ती एका शिंगाची जाडी मेंढी होती. बानूनं तिला कानाला धरून बाहेर आणलं आणि धुळापुढं उभी केली.

दुसरं सापडेना. ऊन वर आलं, धुकं गेलं, बानूनं कळप दोनदा पालथा घातला. घोड्या पाय आपटायला लागल्या.

“आता निघाया पायजे,” तिची आई म्हणाली. तिचा आवाज खुशीचा नव्हता.

धुळानं बानूच्या हातातली पाटी घेतली. उभी धरली, मग आडवी धरली, मग बानूनं ती त्याच्या हातात सरळ करून दिली.

“असलं राह्यलंय व्हय?” त्यानं दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं. “अगं, ही तर आपली लंगडी. काल तिच्या कुशीवर हेच उठल्यालं.”

तो ओढ्याकडे गेला. लंगडी मेंढी करंजाच्या सावलीत बसली होती. तिला खांद्यावर टाकून तो चढ चढून आला आणि त्यानं तिला जाड्या मेंढीपासून जरा लांब ठेवलं. बानूनं तिला ढकलत ढकलत शेजारी नेलं, दोघींची अंगं लागेपर्यंत.

“धु,” जाडी मेंढी म्हणाली.

“ळा,” लंगडी म्हणाली.

बानूनं पाटीवर बोट फिरवलं. “धुळा,” ती म्हणाली.

मेंढ्या पुन्हा बोलल्या. धुळा ऐकत उभा राहिला. त्याला हाका मारणारे पुष्कळ होते, पण असं समोर उभं राहून त्याचं नाव त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

“दोनच मेंढरांचं हाय व्हय माझं नाव?”

“दोन बास हाईत,” बानू म्हणाली.

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं दोर घोडीच्या मानेवर टाकला, बानूजवळ आली, तिची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली आणि घोडीकडे परत गेली. ती बानूला ठेवून जातेय, हे आम्हा सगळ्यांना समजलं.

निघण्याआधी एकच अडचण आली. शाळेची बाराखडी तालुक्याबाहेर चालली होती. सर म्हणाले, “सहल म्हणून दाखवू.”

“सहलींना बंदी आहे, सर,” बाई म्हणाल्या.

“मग चराई म्हणून.”

कळप हलला. घाटाच्या वळणापर्यंत बाराखडी ऐकू येत होती, क्रम सोडून, कधी ठो, कधी मी, कधी रै. बानू फाटकावर चढून ऐकत होती. मधेच ती म्हणायची, “त्यो भु हाय,” आणि खरंच तो भु असायचा. आवाज बंद झाला तेव्हा ती खाली उतरली आणि वर्गात जाऊन बसली.

थंडी पडली तेव्हा एके दिवशी सुट्टीत माझा फोन वाजला. धुळा होता, चिपळूणच्या बाजूनं बोलत होता. मी बानूला हाक मारली.

“लंगडी व्याली गं,” तो म्हणाला. “मादी कोकरू झालंय. पन त्या कोकराच्या कुशीवर लई गिचमीड उठलंय. दोन अक्षरं एकातएक घुसल्यागत. काय बोलती ते बी समजंना. ऐक.”

त्यानं फोन कोकराच्या तोंडाशी धरला. बानूनं डोकं कलतं करून ऐकलं. मग फोन माझ्या हातात देऊन ती लिंबाखाली बाईंकडे धावत गेली, पाटीवर काहीतरी काढून दाखवलं, आणि विचारलं. बाईंनी पाटी पाहिली आणि दोन बोटं वर केली.

बानू परत आली आणि तिनं फोन घेतला.

“दादा, त्ये जोडाक्षर हाय. दुसरीला येतंय. अजून आमचं झालं न्हाय.”

पलीकडून मेंढरांचा आणि वाऱ्याचा आवाज येत होता.

“बरं,” धुळा म्हणाला. “तवर मी सांभाळतो तिला.”