उपवरांचे दफ्तर नव्या डिस्कवर चढविल्याची हकीकत

श्रीगणेशास नमन, वीज मंडळास त्याहून किंचित अधिक नमन, आणि वाचणारांस विनंती ऐसी जे, वऱ्हाड प्रांती, जिल्हे बुलढाणा, तालुके संग्रामपूर, मौजे वरवट बकाल येथे सर्वजातीय वधूवर मंडळाचे दफ्तर जुन्या डिस्कवरोन नव्या डिस्कवर नेले, त्या मोहिमेत कोण लढले, कोण रुसले आणि कोणी नुसतेच पोहे खाल्ले, हे लोक आजउद्या भलतेच सांगू लागतील, म्हणोन जैसे घडले तैसे लिहोन ठेविले आहे. पदरचे काही घातले असेल ते शोभेपुरते.

पूर्ववृत्त ऐसे. सदरहू मंडळाचे संगणकात प्रांतातील समस्त उपवर मुलामुलींची माहिती, म्हणजे उंची, वर्ण, शिक्षण, शेती, अपेक्षा आणि फोटो, डेटाबेस नामें भांडारात बंदोबस्ताने ठेविली होती. भांडार एका डिस्कवर वसत असे. डिस्क जुनी आणि लहान, आणि लोकांची हौस दिवसेंदिवस थोर. पूर्वी एक पासपोर्ट फोटो पुरत असे. अलीकडे वर ट्रॅक्टरसमवेत, वर बुलेटसमवेत, आणि कोणी एक मातबर तर जेसीबीच्या सुपात उभा राहोन फोटो पाठवू लागला, आणि फोटो इतके विशाल की वराच्या गॉगलात फोटोग्राफरची चप्पल दिसावी. मग डिस्क तुडुंब भरली, आणि नवे स्थळ आत घ्यावे तों संगणक जागा नाही म्हणोन दार लावी. रविवारी मंडळाचा मेळावा नेमिला होता, शेगाव, अकोट, जळगाव जामोद येथोन कुटुंबेच्या कुटुंबे यावयाची होती, आणि ऐसे समयी हा प्रसंग गुदरला, तेव्हां कार्यकारिणीचे तोंडचे पाणी पळाले.

दफ्तराची सारी मदार मंजुश्रीबाई यांजवर. बाई मौजेच्याच, संगणकाचे काम शिकलेल्या, आणि हे भांडार त्यांनीच रित्या पडद्यापासोन उभे केलेले. परंतु कार्यकारिणीत खामगावच्या एका एजन्सीचे हितचिंतक होते, त्यांनी मसलत करोन ठराव करविला जे, मेळाव्याचे उद्घाटन होते समयी दफ्तर उघडले तर उत्तम, न उघडले तर संपूर्ण दफ्तर खामगावी सोपवावे, आणि मंजुश्रीबाईंनी खुर्ची खाली करावी. बाईंनी ठराव ऐकिला आणि हाव म्हटले, कारण त्या कचेरीत नाही म्हणण्याचा प्रघात नव्हता.

रविवारी सकाळीच एजन्सीचा वकील आल्हाद नामें तरुण, लॅपटॉप काखेत मारोन, दफ्तर ताब्यात घेण्यास हजर जाहला, आणि खिडकीपाशी बैसोन, अत्यवस्थ काकांच्या उशाशी पुतण्या बैसतो तैसा गंभीर चेहरा करोन पोहे खाऊ लागला.

आता अध्यक्षांचे वर्णन. राजमान्य राजश्री रमाकांतराव सर, निवृत्त मुख्याध्यापक, दानशूर ऐसे की मंडळाचे कचेरीत त्यांनी न दिलेली वस्तू म्हणजे एक हवा. आणि दिलेल्या वस्तूवर नाव घालण्याचा त्यांचा कडक नेम. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर "रमाकांतराव यांजकडोन सप्रेम", बाकांवर तेच, पाण्याच्या टाकीवर तेच, आणि शौचालयाचे दारावर आतील बाजूने, जेणेंकरोन बैसणारास वाचावयास फुरसत मिळावी. नवी डिस्कही सरांनीच दिली. परंतु डिस्क तळहातावर मावेल एवढी, आणि ती संगणकाचे पोटात जाणार, तेथे रंगाचा कुंचला पोहोचेना. सर येणेकरोन फार अस्वस्थ होते.

मग मोहीम सुरू जाहली. प्रथम डेटाबेसचे काम थांबविले, कारण चालत्या भांडारातोन फायली उचलिल्या तर अर्धा नवरा इकडे आणि अर्धा तिकडे राहतो. मग जुन्या डिस्कवरोन नवीवर फायलींची कूच जाहली, आणि त्या मजल दरमजल करीत सुखरूप पोहोचल्या. संगणकाचा सर्वाधिकार अध्यक्षांचे हाती असे, म्हणोन पायरीपायरीस सर स्वतः पुढे होऊन, शेला आड धरोन, परवलीचा शब्द टंकीत. तो शब्द साऱ्या गावास ठाऊक, कारण ते त्यांचेच नाव.

पोहोचलेल्या फायलींची मोजदाद घ्यावी म्हणोन बाईंनी पडद्यावर यादी काढिली. तों प्रत्येक फायलीपुढे मालक म्हणोन मायएसक्यूएल ऐसे नाव. सरांनी चष्मा पुसोन पाहिले, आणि चेहरा काळवंडला.

"मंजू, हा कोन?"

"तो डेटाबेस चालवनारा आहे, सर. सारे बायोडाटे तोच काढून देते."

"आडनाव काय त्याचं?"

सर्वजातीय मंडळाचे अध्यक्षांनी प्रथम आडनाव पुसिले, याची नोंद बखरकार खेदाने करितो. बाईंनी उत्तर केले जे, तो मनुष्य नसोन प्रोग्राम आहे, त्यास आडनाव नाही. त्यावर सर म्हणाले, "म्हंजे डिस्क माही, अन् मालक हा बिनआडनावाचा? माह्या नावावर कर साऱ्या फायली."

बाईंनी अर्ज केला जे, सर, तो दुसऱ्याच्या मालकीत पाऊल घालीत नाही, काम अडेल. सरांनी हुकूम केला जे, कोणावाचोन काही अडत नाही, आम्ही निवृत्त जाहलो तरी शाळा भरतेच. मग नेहमीचे हाव म्हणणे जाहले, सरांनी परवलीचा शब्द घातला, आणि पडद्यावर फायलीफायलीपुढे रमाकांतराव, रमाकांतराव, रमाकांतराव ऐसे उमटत गेले, ते पाहोन सरांचे नेत्र पाणावले.

ऐशा आनंदात दुसरी चूक जाहली. मेळाव्यानिमित्त सकाळी पूजा जाहली होती, तिचे निर्माल्य घेऊन सरांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई वान नदीस निघाल्या होत्या. जुनी डिस्क काढोन टेबलावर ठेविली होती, तिजवर स्थापनेच्या दिवसाचे हळदकुंकू, पोटात शेकडो कुंडल्या. ऐसी वस्तू भंगारात कैसी द्यावी, म्हणोन सरांनी ती निर्माल्याचे पिशवीत घातली.

"सर, राहू द्या ते अजून," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "नवीवर एकडाव चालू त होऊ द्या."

"जुनं समोर राह्यलं का जीव तिकडंच अडकते," सर म्हणाले, आणि पिशवी गेली.

बॅकअप नामें राखीव फौज होती खरी, परंतु तिचाही तळ त्याच जुन्या डिस्कवर. ती झेंडूच्या फुलांसमवेत वाहती जाहली.

मग बाईंनी डेटाबेस सुरू होण्याचा हुकूम सोडिला. तों पडद्यावर लाल अक्षरे उमटली जे, आत येण्यास मज्जाव आहे. पुन्हा हुकूम, पुन्हा मज्जाव. बाहेर मंडपात माईकवाला एकाच मुलास, तुझे आईवडील व्यासपीठाजवळ आहेत, ऐसे वारंवार सांगोन वेळ काढीत होता, आणि तो मुलगा केव्हाचा आईचे मांडीवर होता.

"मज्जाव कोनं केला त्याले?" सर म्हणाले.

"तुमीच, सर."

"म्या त कोनालेच नाई म्हटलं नाई."

"फायली तुमच्या नावावर झाल्या. तो म्हनते, दुसऱ्याचं घर आहे, मी कसा शिरू."

खिडकीपाशी आल्हाद याने पोह्यांची बशी खाली ठेविली आणि लॅपटॉप उघडिला. तो आवाज मंजुश्रीबाईंनी ऐकिला. मालकी परत मायएसक्यूएलास द्यावी, एका ओळीचे काम, ऐसे बाईंनी सांगितले. परंतु सर खुर्चीवरोन उठेनात. परवलीचा शब्द बाईंस ठाऊक, परंतु सरांचे समोर त्यांचेच नाव त्यांचे परवानगीवाचोन टंकावे, हे त्यांस प्रशस्त वाटेना. सरांचे म्हणणे ऐसे जे, दिलेल्या वस्तूवरोन नाव काढणे म्हणजे जितेपणी श्राद्ध. टाकीवरोन नाव गेले नाही, दारावरोन गेले नाही, मग डिस्कवरोनच काऊन जावे? बाहेर पाहुणे माईकवाल्यासच स्थळ समजोन कोणत्या गावचा म्हणोन पुसू लागले, आणि खामगावच्या हितचिंतकांनी दारात गर्दी केली.

"सर," मंजुश्रीबाई म्हणाल्या, आणि त्या कचेरीत पूर्वी कोणी न ऐकिलेली गोष्ट घडली. "नाई. म्या हाव म्हटलं तेच चुकलं. आता नाई म्हनते. तुमचं नाव राहीन त माही खुर्ची जाईन, अन् ह्या साऱ्या पोरापोरींचे बायोडाटे बी."

इतुक्यात नदीवरोन अन्नपूर्णाबाई परतल्या. रिकामी पिशवी खुंटीस लाविली, दोन्ही पक्षांची कैफियत ऐकिली, आणि यजमानांस पुसिले, "आपल्या घराच्या पाटीवर नाव कोनाचं आहे?"

"माहं."

"अन् चाव्या कोनाजवळ राह्यते?"

सर चष्मा पुसू लागले.

"माह्या कमरेले राह्यते. तुमाले त कपाटातली बनियन बी मले मागा लागते. मंग घर अडलं का? पाटी ठेवा तुमची, अन् चाव्या देऊन टाका त्या मानसाले."

"तो मानूस नाई," सर क्षीण स्वरे म्हणाले.

"मंग त अजूनच द्या."

येणेंप्रमाणे तह ठरला. डिस्कवरील ज्या फोल्डरात भांडार राहते त्याचे नाव "रमाकांतराव सप्रेम" ऐसे असावे, त्यास कोणी हात लावू नये, आणि आतील सर्व फायलींची मालकी मायएसक्यूएल यांजकडे, आडनावाची चौकशी न करिता, कायम असावी. मंजुश्रीबाईंनी नव्या फोल्डराचा पत्ता डेटाबेसास लिहोन दिला, सरांनी शेला आड धरोन परवलीचा शब्द घातला, मालकी परत गेली, आणि सुरू होण्याचा हुकूम सुटला. लाल अक्षर नाही. मग हिरवा ठिपका. मग एक एक करोन उपवर पडद्यावर येऊ लागले, ट्रॅक्टरवाले, बुलेटवाले, आणि सुपात उभा तो मातबरही, एकाचाही गॉगल न हरवता. मंडपात खबर जाताच माईकवाल्याने त्या मुलास मुक्त केले आणि नौबत म्हणोन डीजे वाजविला.

सरांनी व्यासपीठावरोन जाहीर केले जे, दफ्तर खामगावी जाणे नाही, मंजुश्रीबाईंची खुर्ची कायम, आणि यापुढे त्यांनी नाही म्हटल्यास कार्यकारिणीने एकवार विचारावे, काऊन. हितचिंतकांनी टाळ्या वाजविल्या, त्या सर्वांत मोठ्या.

राहिला आल्हाद. तो लॅपटॉप मिटोन निघू लागला, तों अन्नपूर्णाबाईंनी दारात अडविला.

"लग्न झालं का बाबू तुमचं?"

"नाही, काकू."

"मंग रिकामे काऊन बसले होते सकाळपासून? मंजू, घे बरं यांचं नाव."

मंजुश्रीबाईंनी खुर्ची पुढे ओढिली, उंची पुसिली, शिक्षण पुसिले, आणि अपेक्षा पुसिल्या. आल्हाद लाजोन म्हणाला, "समजूतदार असावी." बाईंनी टंकिले, आणि संगणकाने कुरकूर न करिता ठेवोन घेतले. नव्या डिस्कवर चढलेली ही पहिली नोंद. खामगावचा वकील दफ्तर घेऊन जावयास आला होता, तो दफ्तरात दाखल होऊन राहिला. मोहीम फत्ते जाहली, म्हणोन लेखणी येथे खाली ठेविली आहे.