राखण्या जागा हाय

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे बिरूअण्णा घरातला साधा बल्ब लावतानासुद्धा तोंड फिरवतात. बटणासमोर ते कधी उभे राहत नाहीत. बाजूला, भिंतीला चिकटून, हात लांबवून, नजर भलतीकडे. नवी सून सासऱ्यापुढे चहाचा कप धरते तसा सगळा थाट. खट्ट आवाज होतो, शून्याचा बल्ब लागतो, आणि अण्णा श्वास सोडतात.

अण्णांनी कुपवाडच्या एका कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलं. एकदा पॅनेलचा खटका ओढताना आतून जाळ उसळला आणि अण्णांची डावी भुवई गेली, ती पुन्हा उगवली नाही. त्यामुळे ते रागावलेत की चकित झालेत हे डाव्या बाजूने कळायला मार्ग नाही. "भुवईवर भागलं, सर," ते म्हणतात. "बाजूला हुबा होतो म्हणून. समोर असतो तर तोंडच गेलं असतं."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून सर. विजेतलं मला ओ की ठो कळत नाही हे अण्णांनी पहिल्याच भेटीत ओळखलं आणि माझी शिकवणी सुरू केली. पहिला धडा उलट्या हाताचा. फाटक असो, फ्रिज असो, बसचा दांडा असो, अण्णा लोखंडाला आधी हाताची मागची बाजू लावतात. "करंट असला तर तळहात आवळतोय, मग सुटत न्हाई. उलटा हात आपसूक झटकून निघतोय."

तासगावला एका लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबाला असाच हात लावला. झटका बसताच जाऊन मेन स्विच पाडला आणि त्याला पिशवीतलं स्वतःचं कुलूप घातलं. अक्षता हातात, आणि सनई, पंखे, व्हिडिओवाला सगळं ठप्प. वरबाप किल्ली मागत त्यांच्या मागे मागे फिरत होता. "खांबाला सोललेली वायर लागलीया, ती आधी काढा," अण्णा म्हणाले. "आन कुलूप ज्यानं घातलं त्यानंच काढायचं असतंय." लग्न तासभर उशिरा, घामाघूम होऊन लागलं. अण्णा दोन्हीकडच्या मंडळींचे बोल ऐकत निवांत जेवले.

आमच्या आईशी मात्र त्यांचं बिनसलं ते कपडे वाळत घालायच्या तारेवरून. आईची लोखंडी तार अंगणात पत्र्यापासून आंब्यापर्यंत ताणलेली होती. अण्णांनी ती काढायला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पक्कड आणून तोडली. तीन धुतलेल्या साड्या चिखलात पडल्या. अण्णांनी लगेच नायलॉनची दोरी बांधून दिली, साड्याही उचलून दिल्या, पण आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं ते वर्षभर.

तरी एक तारखेला आई त्यांना दार उघडायचीच. कारण एक तारीख म्हणजे अण्णांची फेरी. गल्लीत त्यांचं धरून पंधरा घरं. प्रत्येकाच्या मीटरपाशी अण्णांनी मागे लागून एक छोटा ब्रेकर बसवून घेतलाय. वीज कुठे भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून, जायला लागली की तो क्षणात ती तोडतो. अण्णा त्याला राखण्या म्हणतात. जत भागात त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, आणि वाड्यावर राखणीला एक कुत्रं असायचं, त्याचं नाव. राखण्यावर तपासायचं एक बटण असतं. ते दाबलं की घर अंधारतं. तसं अंधारलं की अण्णा समाधानाने म्हणतात, "राखण्या जागा हाय," खटका वर करतात आणि पुढच्या घरी जातात. मालिकेतली सून नेमकी काहीतरी कबूल करत असताना हा माणूस टीव्ही घालवतो, म्हणून गल्ली करवादते. पण पंधरा घरं झाल्याशिवाय अण्णा त्या दिवशी जेवत नाहीत. वडील मेंढरं मोजायचे, एक कमी भरलं तर भाकरीला शिवायचे नाहीत. तो नेम यांनी घरांना लावलाय.

गेल्या महिन्यात अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नेमकी मध्ये एक तारीख आली. संध्याकाळी भेटायला गेलो, तर एका डोळ्यावर पट्टी बांधून अण्णा कॉटवर चुळबुळत होते. जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं.

"डॉक्टरांनी भाईर जाऊ नको म्हणून सांगितलंय," हौसाक्का म्हणाल्या. हौसाक्का म्हणजे त्यांची बायको. "सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

"एक महिना राहिलं तर काय होतंय, अण्णा?" मी म्हणालो.

अण्णा म्हणाले, "सर, हिचा हात बघितलाय न्हवं?"

हौसाक्कांच्या उजव्या हाताची बोटं वाकडी आहेत, मूठ उघडत नाही. आम्हाला तो संधिवात वाटायचा. भाकरी अण्णा थापतात, त्यावरून गल्लीत थट्टाही चालते.

"कारखान्यात तीस वर्सं दुसऱ्याला शिकवलं. घरातली कपड्याची तार मीच बांधल्याली. लोखंडाची. पत्र्यावरची वायर सोलली, पत्र्यात करंट उतरला, तारंत आला. हिनं वला कपडा टाकला आन तार धरली. सुटंना. लाकडानं हाणून सोडवली. घरात राखण्या न्हवता. म्हयनाभर मी उद्या बसवतो, उद्या बसवतो म्हनत हुतो."

आपण या माणसावर किती हसलो, याची लाज वाटली. मी मोबाइल काढून गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं: सात वाजता सगळ्यांनी आपापलं बटण दाबा, अण्णा उपाशी आहेत.

त्यांच्या खिडकीतून सगळी गल्ली दिसते. सात वाजता हौसाक्का खिडकीशी बसल्या. पहिलं घर अंधारलं, पुन्हा उजळलं. दुसरं. मग एकदम तीन. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, हौसाक्का मोजत होत्या. तेरावर मोजणी थांबली.

"कुणाचं ऱ्हायलं?"

"सरांचं."

म्हणजे आईचं. सात वाजता तिची मालिका. अण्णा पायाने चपला चाचपायला लागले. मी म्हणालो, थांबा, मी जातो, आणि तेवढ्यात आमचं घर अंधारलं. पण ते पुन्हा उजळेना. दोन मिनिटांनी खिडकीखालून आवाज आला.

"अण्णा, दाबलं बाई तुमचं ते बटण. आता वर कसं करायचं तेवढं सांगा."

वर्षभरानंतरचं पहिलं वाक्य. अण्णा कॉटवरून ओरडून सांगू लागले, "काकू, हात कोरडा करा. पायात चप्पल घाला. बाजूला हुबं ऱ्हावा आन तोंड फिरवा." आई निमूटपणे हो हो म्हणत गेली. घर उजळलं.

"चौदा," हौसाक्का म्हणाल्या.

"आपलं ऱ्हायलं," अण्णा उठायला लागले.

"झोपा तुमी."

त्या अपघातानंतर हौसाक्कांनी विजेच्या बटणाला हात लावला नव्हता. त्या मीटरपाशी गेल्या, बाजूला उभ्या राहिल्या, तोंड फिरवलं, आणि वाकड्या बोटांच्या उलट्या बाजूने बटण दाबलं. खट्ट झालं, अंधार पडला.

"राखण्या जागा हाय," त्या म्हणाल्या.

खटका वर करायला कुणीच उठलं नाही. मग अंधारातच अण्णांचा आवाज आला.

"पंधरा. वाढ आता, हौसा. लय भूक लागलीया."