शेजारच्या राजकन्या ॲडीबाई

लॉकडाऊनमध्ये सिडनीतली आमची अख्खी गल्ली ट्रॅकपँटवर आली होती. शेजारच्या ॲडीबाई मात्र रोज संध्याकाळी जेवणासाठी कपडे बदलायच्या. पायघोळ निळा रेशमी गाऊन, कोपरापर्यंत हातमोजे, गळ्यात मोत्यांचा सर. मग पुढच्या व्हरांड्यात ताठ बसून चांदीच्या काट्या-सुरीने जेवायच्या. जेवण काय, तर टोस्टवर डब्यातले बेक्ड बीन्स!

वय अठ्ठ्याऐंशी. आपण "मी वसईची" म्हणतो ना, तितक्या सहज त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मी प्रिन्सेस." माझी मुलगी तान्या लगेच गुगलवर गेली. "मम्मी, शी इज लेजिट!"

जर्मनीतलं तालुक्याएवढं संस्थान. तेही यांच्या जन्माआधीच खालसा झालेलं. उरला होता एक गळका किल्ला, चार घोडे आणि एक लांबलचक नाव. ते ऐकून घ्यायला इथे वेळ कुणाला? आमच्या क्वेकर्स हिल या उपनगराने त्याचं 'ॲडी' केलं. मला नुसतं ॲडी म्हणवेना, म्हणून मनातल्या मनात 'बाई' मी जोडलं.

महायुद्ध संपता संपता रशियन फौजा आल्या. तेव्हा ही तेरा वर्षांची राजकन्या मावशीबरोबर घोडागाडीतून पश्चिमेकडे पळाली. पुढे एकटीच बोटीने इथे सिडनीला. मग बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंगचं काम, आणि केव्हिन नावाच्या गवंड्याशी लग्न.

"त्याने मागणी घातली तेव्हा त्याचे हात सिमेंटने माखलेले होते," त्या सांगायच्या. "मी म्हटलं, आधी हात धुऊन ये. मग उत्तर देते."

केव्हिन गेला त्याला बरीच वर्षं झाली. आता शिस्त लावायला आम्हीच उरलो होतो. "वन डझ नॉट!" म्हणजे 'असं करायचं नसतं', हा त्यांचा मंत्र. कुरियरवाल्याने पार्सल भिरकावलं की व्हरांड्यातून गर्जना व्हायची, "वन डझ नॉट थ्रो!" तो "नो वरीज, लव्ह" म्हणून निघून जायचा. माझा नवरा उल्हास एकदा बर्मुड्यावर कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेला. त्या फक्त म्हणाल्या, "वन डझ नॉट, उल्हास." त्या दिवसापासून मीटिंगला बर्मुडा आणि बिनला फुलपँट!

लॉकडाऊनच्या दुसऱ्या हिवाळ्यात वसईला माझे पप्पा गेले. हृदयविकाराने, अचानक. सीमा बंद होत्या, जाणं शक्य नव्हतं. तिथे चर्चमध्ये सकाळी मिस्सा झाली, तेव्हा इथे आर्वो, म्हणजे दुपार होती. आम्ही तिघांनी फोनवर पाहिली. माती देताना नेट अडकलं आणि पप्पा दिसेनासे झाले. मला घरात बसवेना. मी बाहेर येऊन दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर बसले.

ॲडीबाई बाहेर आल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कोण?"

"पप्पा."

त्यांनी खुर्ची ओढत आणली. मी मदतीला उठले तर मला हातानेच लांब थांबवलं. भिंतीपलीकडे बसल्या.

"माझी आई तिथेच राहिली होती," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या आजोबांना सोडून कशी निघणार? मग सरहद्द बंद झाली. ती गेल्याचं मला कळलं तेव्हा तिला पुरून महिना झाला होता. केव्हिनने मला जवळ घेतलं. फार चांगला होता तो. पण त्याने तिला पाहिलं नव्हतं. इथे कुणीच पाहिलं नव्हतं. बोलणार कुणाशी?"

त्या माझ्याकडे वळल्या.

"तुझे वडील कसे होते? सांग."

मी सांगत गेले. पप्पा केळीच्या वाडीत पाणी सोडताना मोठ्याने गायचे, सूर कधीच लागायचा नाही. मी निघाले की बॅगेत सुकेळी कोंबायचे. "सुकेळी म्हणजे?" त्यांनी विचारलं. उन्हात वाळवलेली केळी, मी म्हटलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. गायचे ते गाणंही विचारलं, आणि मी रडत रडत, पप्पांसारखंच बेसूर, म्हणून दाखवलं.

मी थांबले तेव्हा त्या बोलायला लागल्या. दोन वाक्यं इंग्रजीत झाली आणि मग जर्मन सुरू झालं. भाषा बदलल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. मध्येच हसत होत्या, हवेत कुणाची तरी वेणी घालून दाखवत होत्या. 'ममा' सोडून मला एक अक्षर कळत नव्हतं.

आतून तान्याने जेवायला हाक मारली. मी तिला खुणेनेच थांब म्हटलं.